‘नॅब’ शब्दाचा पुरावा

तीर्थरूप दादा,

लांबूनच पाया पडते. तुझे गुडघे काय म्हणतात आणि वहिनीने अबोला सोडला की अजून धरलाय (दोन्हीकडून हाल तुझेच), ते कळव. माझी तब्येत ठीक, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

कोशाच्या कचेरीतली माझी नोकरी अजून कच्चीच. संपादकांनी ‘नॅब’ हा इंग्रजी शब्द दिला आणि बजावलं, आज संध्याकाळपर्यंत नोंद हवी, नाहीतर उद्यापासून येऊ नका. अर्थ सोपा आहे: पटकन धरणं, विशेषतः चोराला, बोलण्यातला शब्द. पण आमच्याकडे खोड अशी, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय क्रियापद छापायचं नाही. (‘स्विम’ ज्यांच्या वाट्याला आला ते गृहस्थ अजून शिंकतायत. ‘स्लीप’साठी मात्र भांडणं झाली.)

म्हणून चपलांच्या दुकानात जाऊन बसले. तिथे फार चोऱ्या होतात म्हणे. नुसतं कसं बसणार, म्हणून एका पायात नवी चप्पल चढवली. तेवढ्यात एका टोपीवाल्याने बुटांचा जोड पिशवीत कोंबला आणि निघाला. आता धरतील, मग धरतील, या आशेने मी त्याच्या मागोमाग पार रस्त्यावर गेले, तर रखवालदाराने माझाच दंड धरला. टोपीवाला मालकाचा जावई निघाला. (जावयाने उचललं की त्याला काय म्हणायचं, ते आमच्या कोशातही नाही.)

चौकीत मी हवालदारांना सगळं नीट समजावलं. म्हटलं, या शब्दाचं मूळ छातीठोकपणे कोणीच सांगत नाही, पण ‘किडनॅप’मधला ‘नॅप’ त्याचा सख्खा भाऊ असावा. हवालदार लिहिता लिहिता थांबले. मुलं पळवण्याचाही मामला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुळाशी गेलं तर आहे. दादा, यात माझं काय चुकलं, ते मला खरंच कळत नाही. तेव्हापासून बाकावर बसवून ठेवलंय आणि चहासुद्धा कोणी विचारत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. नोंद इथे बाकावरच लिहिली आणि कचेरीत निरोप धाडला, तर आत्ताच संपादक येऊन गेले. मला वाटलं, सुटले. त्यांनी दंड कुठे धरला, किती घट्ट धरला ते विचारलं, नोंद पसंत केली, नोकरी पक्की केली आणि निघून गेले.

आणखी ता. क. घरचं माणूस येऊन ओळख पटवेल तरच सोडणार म्हणतात. पत्र आणणाऱ्या शिपायाबरोबर तसाच निघून ये, मी फार घाबरलेय रे. फक्त सोडवताना जरा सावकाश घे, मला नीट बघू दे. संपादकांनी जाता जाता पुढचा शब्द दिलाय, ‘रिलीज’.