बारातली चार घरं

गुरुजी, त्या सकाळी मी अंगण झाडलं, पाणी भरलं, भाकरी फडक्यात बांधली आणि बाबांच्या मागे शेतात गेले. बाबांनी शेत उभं-आडवं आखलेलं होतं. रेघेला रेघ जिथे कापते, तिथे मी मातीत भोक पाडून कापसाची सरकी टोबते आहे. तुम्ही बांधावर सायकल टेकवता. "पोरगी शाळेत काहून नाही?" बाबा हसतात. "पोरीले हिशोब कायले लागते, गुरुजी? सरकी तं बरोबर टोबून राह्यली." "मंग शाळा इथंच भरवतो," म्हणत तुम्ही चपला काढून मातीत उतरता. काडीने एक चौकट घेता, उभ्या चार पट्ट्या, आडव्या तीन. घरं बारा. "चौथा हिस्सा म्हणजे एक उभी पट्टी, तीन घरं. तिसरा हिस्सा म्हणजे आडवी पट्टी, चार घरं. तुकडे सारखे झाल्याबिगर बेरीज करू नको." चौथीनंतर माझी शाळा सुटलीच. वाचन मी पुड्यांच्या कागदांवर चालू ठेवलं.

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत माझे मालक गेले. सासऱ्यांनी जाण्याआधी शेताचे सारखे चार वाटे केले होते, तिघा मुलांचे तीन आणि एक सासूबाईंचा. पुढे त्याही गेल्या, तेव्हा धाकटे दोघे दीर ओसरीत येऊन बसले. त्यांतला मोठा म्हणाला, "आईचा वाटा आम्ही दोघं पाहू. तुमचा चौथा तुमच्याजवळच राह्यते, वहिनी."

"आईच्या वाट्यातही तिघांचा हक्क आहे, भाऊजी. तो धरला तं सगळ्या शेताचा तिसरा हिस्सा माझा होते."

"वाटे पडले चार, अन् तिसरा कुठून काढला? पुड्यांचे कागद वाचून वहिनी वकील झाल्या!"

दोघेही हसले. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं होतं. मी बोटाने तुमची तीच चौकट काढली, एकेका वाट्याला एक उभी पट्टी. माझ्या पट्टीतली तीन घरं आणि सासूबाईंच्या पट्टीतलं एक. बारातली चार. धाकटा उकिडवा बसून मोजू लागला. पुसलं गेलेलं एक घर त्यानेच नीट केलं. "तिघांलेही चारच येते, दादा," तो म्हणाला. मोठ्याने वाकून घरं पुन्हा मोजली. मग, "बरं, तसंच करू," म्हणून उठला.

गुरुजी, तोवर तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. हे पत्र टाकायला पत्ता नाही. खरं सांगते, त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं नाही. ज्यांच्या वाट्यासाठी बोलले ते मालकच घरात नव्हते. पेरणी तोंडावर आली होती आणि माझ्याकडे बैलजोडी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या भाऊजींच्या दारात बैल मागायला गेले.