आईची बोट आणि पुढचा दोर

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा नदीवर प्रवासी बोट चालवणे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचं सांगितलं आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही. याआधी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या व पुढचा ओटा, बायकोला आणि तिच्यानंतर मुलीला मिळावं. बँकेत जे निघेल ते बायकोचं. तिने ते मुलीच्या हाती देऊ नये, मुलगी खर्चाच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे.

२. पान्यांची पेटी धक्क्यावरच्या मेकॅनिकला. त्यातला मोठा पाना नऊ वर्षं त्याच्याकडेच आहे, "उद्या आणतो" म्हणतोय. आता आणायची गरज नाही.

३. मावसभावाला काहीही नाही. त्याच्या वडिलांनी एकदा बोटीला रंग दिला म्हणून अर्धी बोट आपली, असं तो चारचौघांत सांगत फिरतो. तो रंग एका पावसात गेला.

४. बोट. ही माझी स्वकष्टार्जित नाही, आईची आहे. सतराव्या वर्षी आई मालवाहू बोटीत पोत्यांमागे लपून घरातून पळाली. सापडली तेव्हा मालकाला म्हणाली, "परत सोडायला गेलात तर दिवस फुकट जाईल, त्यापेक्षा कामाला ठेवा." तेविसाव्या वर्षी तिने ही बोट भंगारातून उचलली आणि इंजीन स्वतः खोललं. माझी धाकटी बहीण बोटीतच जन्मली, आईने आधी बोट काठाला लावली, उतारू उतरवले आणि मगच वडिलांना म्हणाली, "आता सुईणीला बोलवा." पुराच्या वर्षी तिने छपरांवरून त्रेचाळीस माणसं आणि एक चिडलेली शेळी उतरवली. हे सगळं पोहता येत नसताना! पोहायला ती चौसष्टाव्या वर्षी शिकली, आता कुठे सवड मिळाली म्हणून.

५. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने सुकाणू सोडलं. वय झालं म्हणून सोडलं, असं सगळे समजतात. ते खरं नाही. माझ्यामुळे सोडलं.

आमच्या धक्क्यावर रीत आहे: ज्याने दोर बांधला त्यानेच सोडायचा. दुसऱ्याने हात लावलाच तर बांधणाऱ्याच्या दारात जाऊन तसं सांगायचं, मग तो येऊन स्वतः ओढून बघतो. त्या संध्याकाळी पुढचा दोर आईने बांधला आणि ती घरी गेली. बोट शेजारच्या नावेला घासत होती, म्हणून मी तिचा दोर सोडला, बोट हातभर मागे घेतली आणि घाईत एकच वेढा दिला. टीव्हीवर सामना सुरू व्हायचा होता. आईचं दार वाटेतच होतं. मी थांबलो नाही.

सकाळी बोट पुलाच्या खांबावर आपटलेली सापडली, एक बाजू फुटलेली. आईने सुटलेला दोर हातात घेतला आणि म्हणाली, "माझा हात गेला रे." मी गप्प राहिलो. तेव्हा भीतीने, नंतर सोयीने.

कारण पुढच्या महिन्यापासून सुकाणू धाकटीला द्यायचं आईने ठरवलं होतं. मी इंजिनापाशीच बरा, असं तिचं मत होतं. पण "जिला स्वतःचा दोर बांधता येत नाही, ती दुसरीला काय शिकवणार?" असं म्हणून तिने तो विषयच मिटवला. सुकाणू आपसूक माझ्याकडे आलं, धाकटी कपड्यांना इस्त्री करायच्या कामाला लागली. आई पुढची अकरा वर्षं तिच्या घराच्या ओट्यावर बसून होती आणि मी रोज तिच्यासमोरून बोट काढत होतो. तिला जाऊन चार वर्षं झाली. मला स्वतःची लाज वाटते.

सबब सदर बोट, इंजीन व परवान्यासह, माझ्या पश्चात धाकटीला मिळावी. हे कलम धक्क्यावर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावं.

६. वरचा मजकूर साक्षीसाठी आलेल्या शिंपीदादांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बहीण दोन गल्ल्या सोडून राहते ना? मग मेल्यावर कशाला सांगतोस? तेव्हा तुला शिव्या कोण घालणार?" कागद घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. हातातली इस्त्री उभी ठेवली.

"आई रोज मला विचारायची, 'मी किती वेढे दिले होते गं?' रोज, दादा. आणि मी म्हणायचे, 'जाऊ दे आई, वय झालं की होतं असं.' तुझं खोटं मी तिला पटवत राहिले."

मी माफी मागितली.

"माफी मला एकटीला देता येणार नाही," ती म्हणाली. "आणि तू मरायची वाट बघत मी बसणार नाही. किल्ली दे."

दिली.

त्यामुळे कलम पाचमधलं बोट देण्याबाबतचं वाक्य खोडलं आहे, खोडाखोडीवर माझी सही आहे. मृत्युपत्राने देण्यासारखी बोट आता माझ्याकडे नाही. धक्क्यावरचं वाचन मात्र रद्द नाही. ते उद्या सकाळी पहिल्या खेपेआधी व्हायचं आहे, आणि धाकटीच्या सांगण्यावरून ते मीच करायचं आहे.

साक्षीदार:
१. डॉक्टर. लिहून देणारा शुद्धीत आहे. रक्तदाब थोडा वाढलेला.
२. शिंपी, शेजारी. समक्ष सही केली.

लिहून देणार: बोटवाला (सही). "बोटवाला" शब्द खोडून "इंजीनवाला" केला आहे, त्यावरही सही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: आजचा, रविवार, दुपार