यंत्राने सांधलेली दोन माणसे

१२ जानेवारी २०२६, सोमवार

अखिल-डेटाबेस-चक्रवर्ती, क्वेरी-पंचानन, अवतरणचिन्ह-कुलभूषण, वडगावच्या विणकर संस्थेचे एकमेव (आणि म्हणूनच सर्वश्रेष्ठ) संगणकतज्ज्ञ श्रीमान केशवराव या पृष्ठावर पदार्पण करते झाले!

कार्य — मोतीबिंदू शिबिर. डॉक्टरांनी निवडलेल्या सभासदांची नावे क्वेरीत, म्हणजे यंत्राला विचारायच्या प्रश्नात, घालायची, चिठ्ठ्या छापायच्या. मी ती लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी एकाखाली एक मांडली. काय देखणी आज्ञा! यंत्राने हूं की चूं केले नाही.

१८ जानेवारी, रविवार

शिबिर झाले. शेजारचे भरमूआप्पा दारातूनच परतले — चिठ्ठीच निघाली नव्हती. जयाबाईंचीही नव्हती, पण त्या दारावरच्या पोरावर कडाडल्या म्हणे, "माझं डोळं तुज्या बानं तपासल्यात व्हय रं?" — आणि आत शिरल्या. आप्पा भांडले नाहीत. पुढचे शिबिर वर्षाने. हातमागावर तुटलेला धागा त्यांना आताच दिसत नाही.

१९ जानेवारी

सापडले. आप्पांच्या नावाखाली जयाबाईंचे नाव, आणि आप्पांच्या नावापुढे मी स्वल्पविराम दिलेला नाही. पत्रिकेत कोण देतो?

दोन्ही नावे एकाच ओळीत असती तर यंत्राने तत्क्षणी बोंब ठोकली असती. परंतु ओळ बदलली, की अवतरणचिन्हांतले दोन मजकूर गुपचूप सांधावेत, असा शास्त्रसंमत नियम आहे! तस्मात् यंत्र 'भरमू कामकरजयाबाई ढवळी' नामक सभासद शोधत राहिले. असा अर्धनारीनटेश्वर वडगावात नाही. मिळाला नाही, आणि तक्रारही केली नाही.

वीस वर्षे मिरवलेली विद्या! धिक्कार असो.

२० जानेवारी

आप्पांना सारे साद्यंत निवेदन केले. "म्हंजे जयाक्का चिकटली व्हय माज्या नावाला? आमची म्हातारी ऐकली तर मारंल रं!" हसले. मीही हसलो. मग म्हणालो, उद्या दुसऱ्या दवाखान्यात नेतो, नाव नोंदवतो.

"नगं. आता कुटं बी माजं नाव लिवू नगस."

घरी आल्यावर सौ. नीलाने विचारले, "माफी मागितलीत?"

नियम समजावून सांगितला होता. सोदाहरण.

२२ जानेवारी

उत्कृष्ट नियोजनाबद्दल अध्यक्षांनी मला शाल पांघरली. मी पांघरून घेतली! हाय.

२४ जानेवारी, शनिवार

आप्पांनी हातमाग मोडला. सरपणाला दिला. लाकडे बोळात रचली आहेत, माझी स्कूटर आत अडकली आहे, आणि ती न्यायला येणारा टेम्पोवाला सकाळपासून फोन उचलत नाही.