राव एच. यांची साइटेशन्स

२ जून, सकाळी ६.४०
आजपासून साइटेशन्सचा आकडा दिवसातून एकदाच बघायचा. दुसऱ्यांनी त्यांच्या लेखांत आपल्या पेपरचा आधार घेतला, एवढाच तर त्याचा अर्थ. माणसाने त्यासाठी जीव टाकू नये. आज एक्केचाळीस. सगळी ज्वारीची भाकरी आणि मधुमेह या पेपरची. प्रोफेसर व्हायला तीस तारखेपर्यंत शंभर लागतात. म्हणजे रोज जेमतेम दोन. काहीच अवघड नाही.

सकाळी ९.१५
तारनाक्याला सिग्नल लागला म्हणून सहज बघितलं. एक्केचाळीस.

५ जून
कारण सापडलं. दोष कामात नाही, नावात आहे. मी हिम्मतराव बिरादार. पहिला पेपर आबिड्सच्या टायपिस्टकडे दिला होता. त्या गृहस्थाने हिम्मत एकीकडे केलं, राव दुसरीकडे, आणि बिरादार गाळूनच टाकलं. तेव्हापासून जगाच्या लेखी मी राव एच., आणि असे राव एच. इथे पैशाला पासरी. कॉलेजातही राव सर. आपल्या मराठीत राव म्हणजे नुसता मान, आडनाव नव्हे, हे या तेलुगू मुलखात कुणाकुणाला समजावणार? माझी ज्युनिअर सुमेधा (साइटेशन्स सहाशे वीस, पण नशीब!) हिला हे सांगितलं. ती म्हणाली, सर, पेपर सापडतो हो लोकांना, वाचत नाहीत. लहान आहे अजून.

९ जून
पन्नास संशोधकांना मेल. एक उत्तर: साहेब रजेवर आहेत. माझी विद्यार्थिनी केतकी, तिला तिच्या थिसिसमध्ये माझा पेपर घालायला सांगितला. म्हणाली, सर, माझा विषय डासांच्या अळ्या आहे, त्या भाकरी खात नाहीत. हल्लीच्या पोरांना विषयाचा व्यापकपणाच कळत नाही.

१४ जून, सकाळी ५.५०
साइटेशन्स मोजणाऱ्या साइटवर, माझ्या प्रोफाइलवर सूचना: चाळीस नवे लेख सापडले, तुमचेच आहेत का? चष्मा नव्हता. हो दाबलं.
आकडा तेराशे अठरा!
घरात तीन फेऱ्या मारल्या. सौ. भाग्यलक्ष्मीने विचारलं, काय झालं. म्हटलं, जगाला जाग आली. म्हणाली, मग जगाला म्हणावं दूध उतू जातंय.

सकाळी ८.००
यादी नीट बघितली. सगळे लेख मूतखड्यावर. लिहिल्याचं आठवत नाही. पण २०११ साली मला स्वतःला खडा झाला होता, तेव्हा या विषयावर मी खूप विचार केला होता. शिवाय तो खडा काचीगुड्याच्या डॉक्टरांकडेच राहिला. पुढे कुणी तपासला असेल, कुणास ठाऊक. संशोधनात योगदान म्हणजे आणखी काय असतं?

१७ जून
प्रमोशनची फाइल दिली. ऑफिसचा अप्पाराव म्हणाला, सर, आप तो छुपे रुस्तम निकले, पहले कैकू नै बोले? सुमेधाने प्रिंट बघितली आणि हळूच विचारलं, सर, हे राव दुसरे कुणी नाहीत ना. मत्सर वाईट. दिवसभर एका जागी बसवत नाही. कुणी खोलात शिरलंच तर म्हणायचं, टीमवर्क.

२४ जून
कमिटी झाली. अध्यक्षांनी विचारलं, खड्यांबद्दल तुमचा मुख्य निष्कर्ष काय. म्हटलं, पाणी भरपूर प्यावं. बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, विशाखापट्टणचे राव सर कसे आहेत, अजून पोहायला जातात का. मी म्हटलं, हो, रोज. त्या म्हणाल्या, मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली, हे सगळे पेपर त्यांचे आहेत. मी टीमवर्क म्हणालो. कुणी हसलंसुद्धा नाही.
फाइल परत. दुरुस्त करून पुढच्या वर्षी अर्ज करा. लाज वाटली. फार वाटली. घरी अजून सांगितलेलं नाही.

२७ जून
त्यांचे पेपर काढून टाकले. घाईत माझा भाकरीचाही काढला गेला आणि तो आता त्यांच्या खात्यात दिसतोय. तेराशेंत एक्केचाळीस त्यांना जाणवणारही नाहीत. मला जाणवतात. मेल केली, कृपया परत करावा.

३० जून, सकाळी ७.३०
विशाखापट्टणच्या राव सरांचं उत्तर. फार सभ्य माणूस. पेपर परत केला. लिहितात, घरी ज्वारी खातो म्हणून कुतूहलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बारा वर्षांत असं म्हणणारा हा पहिलाच. दोनदा वाचून दाखवलं भाग्यलक्ष्मीला. मग खालची ओळ दिसली. तक्ता दोनमधल्या टक्क्यांची बेरीज एकशे बारा येते, ती कशी?
कॅल्क्युलेटर घेतला. एकशे बाराच येते.
एक्केचाळीसपैकी एकोणीस साइटेशन्स माझ्याच लेखांतली आहेत. म्हणजे एकोणीस वेळा मी याच तक्त्याचा आधार घेतला. वाचला मात्र मीही नव्हता.