पहिलं नाव सांगा

३ जून
धाराशिवला आले आणि गाव आवडलंच. कॉलेजातले जुने प्रबंध डिजिटल लायब्ररीवर चढवायचे, म्हणजे कुणालाही घरबसल्या वाचता येतील. टेबलाशेजारी कूलर, चहा कडक. प्राचार्य आण्णासाहेबांनी माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायला सांगितला. इथं सगळेच तसं करतात म्हणे.

६ जून
गुलबानो शेख यांचा प्रबंध हाती आला. भूकंपातून वाचलेल्या सास्तूरच्या बायकांच्या आठवणी, सोबत कॅसेटी. पदवी मिळायच्या आधीच त्या वारल्या. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला त्यांचा मऊ आवाज, "पहिलं नाव सांगा, मावशी. मग बाकीचं." काय काम करून ठेवलंय बाईंनी! आजच चढवलं.

९ जून
आण्णासाहेब म्हणाले, लेखक म्हणून माझं नाव टाक, मार्गदर्शक मीच होतो. मी साफ नाही म्हटलं. मेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय, असं हसून म्हणाले. इतकं डोकं फिरलं की जेवणाचा डबा तसाच परत नेला.

१० जून
नाव बदललंय! चिठ्ठीवरचा माझाच पासवर्ड वापरून. संगणकावर 'बदल करणारी' याच्यापुढं माझं नाव, ________. चोरी त्यांची आणि नाव माझं! दुरुस्त करायला गेले तर माझे अधिकारच काढून घेतलेले. शिपाई बंडप्पा म्हणाला, "सोडा की मॅडम. लई मोठा माणूस हाय त्यो." का म्हणून सोडू?

१२ जून
कॅसेट लावली. बायका गप्प. सगळ्याच कॅसेटींत. फक्त गुलबानोंचा आवाज, आता मऊ नाही. "माझं नाव का पुसलं?"
मी नाही पुसलं, असं ओरडले. ग्रंथालयातले सगळे बघत राहिले.

१३ जून
हजेरीचं मशीन माझं बोट घेईना. बंडप्पानं विचारलं, तुम्ही कोण. रोज चहा आणून देणारा माणूस! आणि आण्णासाहेब कॉलेजभर पेढे वाटतायत. त्यांना सगळे ओळखतात.

१४ जून
आईला फोन. कोण बोलतंय, म्हणाली. तुझी मुलगी, म्हटलं तर — मला मुलगी नाही, म्हणाली.

१५ जून
पुन्हा कॅसेट. "पहिलं नाव सांगा."
सांगते. आण्णासाहेबांनी केलं हे. पासवर्ड माझा, हात त्यांचे. तुम्ही चुकीच्या दारात आलात, गुलबानोआपा — दहा तारखेला इथं माझं नाव लिहिलं होतं, आता नुसती रेघ — थांबा, सांगते ना, मी —