अज्ञात वाहनाची सही

फुलपाडा, विरार (पूर्व)
ऑक्टोबर १९९८

ती. रमेशदादा यांना,

दिवाकरचा, बसल्या जागेवरून जेवढे वाकता येते त्याहून थोडे अधिक वाकून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आपली प्रकृती कशी आहे? ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे ना? आज घेतली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढे वाचा. पत्र कुठे पळून जात नाही. (मलाच पळून जाणे जमले नाही, तर पत्राला कुठून जमणार.) मागच्या आठवड्यात तुमच्याकडे दोनदा फोन वाजून नुसताच कुणाचा तरी श्वास ऐकू आला असेल, तर वहिनींना सांगा की घाबरू नका, तो मी होतो. दोन्ही वेळा एसटीडी बूथमध्ये जाऊन नंबर लावला, तुमचा "हॅलो" ऐकला, आणि चित्रकलेच्या तासाला ज्याने रंगपेटी आणलेली नाही त्या मुलासारखी माझी अवस्था झाली. म्हणून हे पत्र.

विषय गाडीचा आहे. तुमच्या गाडीचा. म्हणजे माझ्याच, कारण तुमची बदली रत्नागिरीला झाली तेव्हा मी ती तुमच्याकडून रीतसर विकत घेतली. पण आरसी बुकात आणि विम्यात अजून तुमचेच नाव आहे, म्हणून तुमच्या म्हटले. नाव बदलून घ्या असे तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता. मी आरटीओच्या फाटकापर्यंत जाऊनही आलो. पण खाकी कपडे दिसले की मला माझे स्वतःचे नाव आठवेनासे होते, तिथे गाडीवर ते कसे चढवणार? तर ते राहिले. आता झाले ते सांगतो.

आमच्या बिल्डिंगला नळ आहेत आणि त्यांना पाणी नाही, हे तुम्ही मे महिन्यात आला होतात तेव्हा अंघोळीच्या वेळी पाहिलेच आहे. पाणी येते ते रोज सकाळी नथूशेटच्या टँकरने. नथूशेट चांदीपचे. तिथे त्यांची मोठी विहीर आहे आणि त्या विहिरीच्या जिवावर अर्धा फुलपाडा चहा पितो. आमच्यापैकी कोणीही त्यांना पाहिलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्याविषयी माहिती भरपूर होती. त्यांनी एका बिल्डरला विहिरीत उलटा टांगला होता (तिसऱ्या मजल्याच्या मते सुलटा). एका सोसायटीने पाणी मचूळ आहे अशी तक्रार केली, तर तिला अख्खा उन्हाळा टँकर दिला नाही. तिथली माणसे म्हणे पाहुण्यांकडे जाऊन राहिली, आणि पाहुणे कंटाळून आणखी कुणाकडे. मी या गोष्टी कधी खऱ्या मानल्या नाहीत, पण खोट्या मानायचेही धाडस केले नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी धुतली (अर्धी बादली, तुमच्या बहिणीची, चंद्रकांतेची, परवानगी घेऊन), हार घातला, नारळ फोडला आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीला इतकी चिकटवून उभी केली की उतरताना मला पलीकडच्या सीटवरून बाहेर यावे लागले. यापेक्षा जास्त काळजी माणूस घेऊ शकत नाही. मग मी गॅलरीत दात घासत उभा राहिलो आणि टँकर आला. तोही सजलेला. सणासाठी त्याला नवा निळा ऑइलपेंट दिला होता, आणि पाठीमागे पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहिले होते. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर झेंडूचा एवढा जाड हार, की त्या आरशात त्याला फक्त दसराच दिसत असणार. क्लीनर पत्र्यावर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. मला ओरडायचे होते. पण तोंडात पेस्ट, आणि थुंकावे तर खाली सरोजिनीबाईंची तुळस. हा विचार चालू असतानाच टँकर येऊन पोचला. आवाज फार मोठा झाला नाही. स्टीलच्या डब्यावर कुणी जाड माणूस बसावा तसा झाला. ड्रायव्हरने डोके बाहेर काढून वर पाहिले, आमची नजरानजर झाली, आणि दादा, मी हसलो. सवयीने. शिवाय मानही हलवली. त्याने ती परवानगी समजून टँकर आणखी थोडा मागे घेतला.

मागचे दार आत गेले, मडगार्ड चाकाला टेकले, दिवा फुटला आणि डिकी जी बंद झाली ती झालीच. (आत तुमची छत्री आहे. ती सुखरूप असावी.) खाली उतरलो तोवर टँकर पाणी सोडून निघून गेला होता, आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांनी काहीच पाहिलेले नव्हते. दुपारी सोसायटीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरी सरोजिनीबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे सभेत आम्ही सगळे हाताची घडी घालून बसतो. त्यांनी शांतपणे समजावले की विमा आहे, तर तो घ्यावा; पण टँकरचे नाव कुठेही आले तर उद्यापासून चार मजले कोरडे पडतील, आणि ते चारही मजले माझ्या दाराशी येतील. मग गाडीला अज्ञात वाहनाने धडक दिली असे हात वर करून ठरले. तळमजल्यावरच्या एकाने वाहनाऐवजी गाय लिहावी अशी सूचना मांडली होती, ती गाईचा रंग निळा नसतो म्हणून बारगळली. मीही हात वर केला. माझ्या गाडीचे काय झाले हे बहुमताने ठरताना मी एकटा विरुद्ध कसा जाणार?

विम्याच्या ऑफिसातून सांगण्यात आले की पोलिसांचा कागद आणा, गॅरेजचा अंदाज आणा, आणि आमचा माणूस पाहून जाईपर्यंत गाडीला हात लावू नका. चौकीत मी पाठ करून गेलो होतो. हवालदारांनी विचारले, कोणते वाहन? अज्ञात, मी म्हणालो. पुढे त्यांनी सहज विचारले, रंग? आणि मी "निळा" म्हणून मोकळा झालो. आकार? बराच, म्हणालो. त्यांनी पेनाला टोपण घातले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले, पुन्हा टोपण काढले आणि मुकाट्याने 'अज्ञात' लिहिले. बाहेर आलो तेव्हा शर्ट असा भिजला होता की जणू टँकर माझ्यावरच रिकामा केला.

गॅरेज वसईतल्या सॅन्टनचे. भला माणूस, पण त्याने गाडीभोवती फेरी मारून पहिला प्रश्न विचारला, विम्याचा भाव लिहू की घरचा? त्या दोन भावांमध्ये एक जुनी स्कूटर आली असती. मी घाबरून म्हणालो, खरा लिहा. तो म्हणाला, असा तिसरा भाव त्याच्याकडे नाही.

मग विम्याचा सर्व्हेअर आला. कौस्तुभ नावाचा तरुण मुलगा, हातात कॅमेरा, स्वभावाने इतका नम्र की मला आणखीच भीती वाटली. त्याने दार पाहिले, वाकून पाहिले, मान तिरकी करून पाहिले, आणि चंद्रकांतेकडे एक हातआरसा मागितला. आम्हाला वाटले, डोळ्यात काही गेले असेल. त्याने आरसा दारासमोर धरला. दादा, तो पेंट ओला होता. आपल्या पांढऱ्या दारावर निळ्या डागात उलटी अक्षरे उमटली होती, आणि आरशात ती सुलट झाली: 'पाणी'. कौस्तुभ म्हणाला, "काका, अज्ञात वाहन सही करून गेलंय." मी म्हणालो, हा शब्द कुणीही लिहू शकतो. त्याने वाद घातला नाही. काच, प्लास्टिक, गाडीचे वय असे एकेक वजा करत त्याने हिशेब केला, आणि शेवटी जे उरत होते त्यात सॅन्टनचा रंगही आला नसता. तेही मूळ मालकाच्या सहीने, कारण विमा तुमच्या नावावर. आणि गाडी विकलेली आहे हे कळले तर तेही नाही. जाताना तो हळूच म्हणाला की ज्याने ठोकली त्याच्याशीच बोललात तर बरे. सल्ला उत्तम होता. वाघाने ओरबाडले तर वाघालाच मलम मागावे, तसा.

मागायची वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की गाडीच्या मालकाला शेटनी चांदीपला बोलावले आहे. सर्व्हेअर फोटो काढून गेल्याचे ड्रायव्हरने त्यांना सांगितले होते. सरोजिनीबाई म्हणाल्या, जा, पाणी आमचेही आहे. चंद्रकांता म्हणाली, मी येते. रिक्षात मी विम्याचाच विचार करत होतो, फक्त गाडीच्या नव्हे. वाटेत भातशेती पिवळी झाली होती, बगळे चरत होते. इतकी सुंदर जागा त्या दिवशी पाहायला नको होती.

नथूशेट ओटीवर बनियनवर बसून वाल सोलत होते. बारीक माणूस. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले (मचूळ नव्हते), आणि गाडी कुणाच्या नावावर आहे ते विचारले. मी तुमचे नाव सांगितले. काय करतात, कुठे राहतात? मला म्हणायचे होते की ते शाळेत चित्रकला शिकवतात आणि आरटीओ ऑफिसच्या मागे राहतात. पण घशाला अशी कोरड पडली होती की मी म्हणालो, "ते रत्नागिरीला, आरटीओ ऑफिसच्या..." आणि 'मागे' हा शब्द काही केल्या बाहेर येईना.

शेटच्या हातातला वाल सुपाबाहेर पडला. मग ते जवळ सरकले आणि इतक्या खालच्या आवाजात बोलले की मला पुढे वाकावे लागले. "भाऊ, टँकरचे कागद संपलेत. विमा पन नाय. गाडी मी नवी करून देतो, पन साहेबांच्या कानावर घालू नको." दादा, सबंध फुलपाडा ज्या माणसाला भितो तो माझ्याइतकाच भित्रा निघाला, आणि हे पाहून मला धीर यायला हवा होता. तो आला नाही. उलट वाटले, याला खरे कळले तर? घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो, हे मी स्वतःवरून जाणतो.

असो. गाडी सॅन्टनने घरच्या भावात ठीक केली, शेटनी खर्च दिला, विम्याचा अर्ज मी मागे घेतला. आता टँकर सगळ्यात आधी आमच्याकडे येतो आणि ड्रायव्हर मला सलाम करतो. सरोजिनीबाईंनी मला चेअरमन व्हा म्हटले आहे. मी जिन्यावरून जाताना लोक बाजूला होतात. मला रात्री झोप नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जपावे, येत्या आठवड्यात विशेष.

आपला, हातपाय गार पडलेला,
दिवाकर

ता. क. नथूशेटनी माझ्याकडून तुमचा पत्ता घेतला आहे. मी दिला नाही. त्यांनी विचारला आणि तो तोंडातून गेला. येत्या मंगळवारी ते तीनही टँकरांचे कागद घेऊन रत्नागिरीला 'साहेबांना' भेटायला येत आहेत. बरोबर सुकेळ्यांचा (वाळवलेल्या केळ्यांचा) करंडा आहे. मी त्यांना नको म्हणणार होतो. तेव्हा एकच विनंती: मंगळवारी आपण कुठे लग्नाला वगैरे जाऊ शकाल का?

ता. क. २. लग्न नसेल तर साखरपुडा चालेल.

दादा, मी चंद्रकांता. पत्र टाकायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. घशाला कोरड वगैरे काही पडली नव्हती. हे 'मागे' म्हणायला निघालेच होते, मीच पदराआडून यांचा पाय दाबला. तू कुठेही जाऊ नकोस. नथूशेट साधा माणूस आहे, लांबून येणार, त्याला जेवायला घाल. कागदांचे विचारले तर ते हातात घे, चष्मा लाव, शेवटच्या पानापर्यंत जा, आणि "बघू" म्हणून परत दे. साहेब लोक याहून जास्त काही बोलत नाहीत. मग त्याला हाताला धरून तुझ्या घरापुढच्या आरटीओ ऑफिसात नेऊन सोड, त्याचे कागद खरोखर व्हायला हवेत. यांचेही आरसी बुक त्याच्याबरोबर पाठवते आहे.