सुरमईचं शेपूट

रत्नागिरी, १२ मे १९८६

परवा सुमीचं लग्न आणि रुखवतात मांडायचं मातीच्या माशांचं ताट अजून कच्चंच. बहीण देशावर चाललीय, तिथे सुरमई कुठली दिसायला? म्हणून माझ्या मित्राने, सलीमने दुबईहून आणलेली ती प्लास्टिकची माती सगळी त्यातच घातली. भाजली की कडक होते म्हणे. पण भाजू कशात?

सकाळी सुरमईचं शेपूट तोडून बेकरीच्या भट्टीत भाजून पाहिलं. (तिथे बटर खात बसलो, ते असो.) शेपूट काळंठिक्कर, आणि धूर! बेकरीवाला ओरडला, "माझे पाव आता तुझा बाप खाणार काय रे?"

मग मावशीचा गोल ओव्हन आठवला. त्याची आच मंद. ती दर दिवाळीला त्यात नानकटाई करते. मातीचा वास राहील म्हटल्यावर तिने आतला नानकटाईचा ट्रे काढून घेतला. मग म्हणाली, "ने मेल्या. पण परत आणू नको. खायचं काही त्यात आता भाजणार नाही मी."

ताट आत ठेवलंय. बटण दाबायचा धीर नाही, म्हणून हे लिहितोय. हेही जळलं तर ताट गेलं आणि मावशीचा ओव्हनही फुकट गेला. ते काळं शेपूट खिशात टोचतंय.

सुमी आत्ताच डोकावली. "दादा, सुरमईचं शेपूट कुठाय?"

दाखवलं. हसली नाही.

"राहू दे. ते घेऊन तू ये साताऱ्याला. नाहीतर तू कसला येतोस!"

दाबतो बटण.